शीतयुद्ध: तुम्ही सारखे विचारता ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं

शाळेच्या पुस्तकात शीतयुद्धाला मोजून काही पानं मिळतात, मग उरलेले प्रश्न लोक मला मेसेज करून विचारतात. कोणी एमपीएससीचा अभ्यास करणारं असतं, कोणी दहावीच्या मुलाची आई असते, आणि भिलाईत रशियन इंजिनिअरांसोबत काम करून रिटायर झालेले एक काका तर दर महिन्याला काहीतरी नवीन विचारतात. तेच तेच प्रश्न परत यायला लागले म्हणून सगळे एका जागी लिहून काढलेत. सोपे आधी, अवघड नंतर. एकदा सांगितलेलं परत सांगितलेलं नाही, तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय तो बघा.

१. शीतयुद्ध म्हणजे नक्की काय? युद्ध झालंच नाही तर युद्ध का म्हणायचं?

दुसरं महायुद्ध १९४५ मधे संपलं तेव्हा जगात खऱ्या अर्थाने दोनच ताकदी उरल्या होत्या, अमेरिका आणि सोव्हिएत संघ. एकीकडे निवडणुका, खाजगी मालमत्ता आणि मोकळा बाजार, दुसरीकडे एकच पक्ष आणि कारखान्यांपासून शेतीपर्यंत सगळं सरकारच्या ताब्यात. पुढची साधारण ४५ वर्षं या दोघांनी एकमेकांना नमवायचा प्रयत्न केला, पण समोरासमोर सैन्य उभं न करता. अणुबॉम्बचा धाक, हेरगिरी, पैसा, प्रचार, अंतराळ, ऑलिंपिक, आणि मुख्य म्हणजे तिसऱ्याच देशात तिथल्याच पोरांना लढायला लावून. म्हणून ते शीत. पण हा शब्द मॉस्को आणि वॉशिंग्टनपुरताच खरा आहे. कोरिया, व्हिएतनाम, अंगोला, अफगाणिस्तान इथे लाखो माणसं मेली आणि त्यांच्या घरच्यांना हे शीतयुद्ध होतं असं सांगायची माझी तरी हिंमत होणार नाही. एवढं एक डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

२. सोव्हिएत संघ आणि रशिया एकच ना?

नाही. सोव्हिएत संघात १५ प्रजासत्ताकं होती आणि रशिया त्यातलं सगळ्यात मोठं. आपल्याकडे बोलताना सगळेच सोव्हिएत रशिया म्हणायचे त्यामुळे हा गोंधळ झालाय. सोव्हिएत संघाचा प्रमुख स्टालिन मूळचा जॉर्जियाचा, अणुभट्टीचा अपघात झाला ते चेर्नोबिल युक्रेनमधे, पहिला सोव्हिएत अणुबॉम्ब फुटला तो कझाकस्तानच्या सेमिपालातिन्स्कला, आणि आपले राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ ला ज्या बैकानूरवरून अंतराळात गेले तेही आज कझाकस्तानात आहे. रशिया म्हटलं की हे सगळे देश पुसले जातात, म्हणून मी शक्यतो सोव्हिएत संघच लिहिते.

३. हिटलरविरुद्ध तर दोघं एकत्र लढले, मग दोन वर्षांत एवढी दुश्मनी कशी झाली?

एकत्र लढले कारण शत्रू एक होता, एकमेकांवर विश्वास होता म्हणून नाही. सोव्हिएत संघाची त्या युद्धात जवळपास २ कोटी ७० लाख माणसं मेली, अख्खी गावंच्या गावं जळाली, त्यामुळे स्टालिनचं म्हणणं होतं की पश्चिमेकडून परत कोणी आमच्यावर चालून येऊ नये म्हणून मधले देश आमच्या मुठीत पाहिजेत. फेब्रुवारी १९४५ मधे याल्टाला त्याने पोलंडमधे मोकळ्या निवडणुका घेऊ असं कबूल केलं होतं, प्रत्यक्षात १९४७ च्या निवडणुकीत सरळ सरळ गडबड केली. तिकडे अमेरिकेने जुलै १९४५ मधे अणुबॉम्बची चाचणी केली आणि अमेरिकेचा अध्यक्ष ट्रुमनने जर्मनीत पोट्सडॅमच्या बैठकीत स्टालिनला नुसतं मोघम सांगितलं की आमच्याकडे नवीन अस्त्र आहे. स्टालिनला हेरांकडून हे आधीच माहीत होतं, म्हणजे संशय दोन्हीकडून.

मग एकामागून एक घडत गेलं. मार्च १९४६ मधे ब्रिटनचा माजी पंतप्रधान चर्चिलने अमेरिकेत फुल्टनला, युरोपच्या मधोमध पोलादी पडदा पडलाय असं भाषण केलं, मार्च १९४७ मधे ट्रुमनने ग्रीस आणि तुर्कस्तानला मदत जाहीर केली, आणि त्यानंतर मार्शल योजना आली ज्यात पश्चिम युरोपला १३ अब्ज डॉलरच्या वर मदत गेली. ही मदत पूर्व युरोपलाही देऊ केली होती, चेकोस्लोव्हाकिया आधी हो पण म्हणाला होता पण स्टालिनने दम दिला आणि त्यांना माघार घ्यावी लागली. मला विचाराल तर युरोपची खरी फाळणी तिथे झाली.

४. परीक्षेत सुरुवात आणि शेवटाची तारीख काय लिहू?

सुरुवात १९४७ लिहा (ट्रुमन सिद्धांत, म्हणजे प्रश्न ३ मधली ग्रीस-तुर्कस्तानच्या मदतीची घोषणा) आणि शेवट १९९१. काही जण १९८९ म्हणतात कारण त्या वर्षी बर्लिनची भिंत पडली आणि डिसेंबरमधे माल्टाला अमेरिकेचा अध्यक्ष बुश आणि सोव्हिएत नेता गोर्बाचेव्ह भेटले. पण २५ डिसेंबर १९९१ ला गोर्बाचेव्हने राजीनामा दिला, क्रेमलिनवरचा लाल झेंडा उतरला, त्यानंतर दुसरी बाजूच उरली नाही, म्हणून १९९१ पक्कं.

५. शीतयुद्ध हे नाव कोणी दिलं?

आज ज्या अर्थाने वापरतो त्या अर्थाने जॉर्ज ऑरवेलने ऑक्टोबर १९४५ च्या एका लेखात, अणुबॉम्बबद्दल लिहिताना. १९४७ मधे अमेरिकेत बर्नार्ड बारूकने भाषणात वापरलं आणि पत्रकार वॉल्टर लिपमनमुळे ते सगळ्यांच्या तोंडी बसलं. एमसीक्यूमधे बारूकचं नाव जास्त येतं.

६. बर्लिनची भिंत पूर्व आणि पश्चिम जर्मनीच्या बॉर्डरवर होती ना?

नव्हती, आणि ही चूक मी चांगल्या शिकलेल्या लोकांकडूनही ऐकली आहे. नकाशा उघडा. बर्लिन शहर पूर्ण पूर्व जर्मनीच्या पोटात आहे, पश्चिम जर्मनीच्या हद्दीपासून दीडशे किलोमीटरपेक्षा जास्त आत. युद्धानंतर देशाचे चार भाग झाले तसे राजधानीचेही चार झाले, त्यातले अमेरिका, ब्रिटन, फ्रान्सचे तीन मिळून पश्चिम बर्लिन. म्हणजे चहूकडे कम्युनिस्ट राज्य आणि मधोमध एक बेट. भिंत या बेटाभोवती होती, साधारण १५५ किलोमीटर.

आधी जून १९४८ मधे स्टालिनने या बेटाकडे जाणारे रस्ते, रेल्वे, कालवे सगळं बंद केलं. वाटलं होतं की वीस लाख लोक उपाशी राहिले की अमेरिका शहर सोडेल. तर अमेरिका आणि ब्रिटनने विमानांनी कोळसा, पीठ, दूध पावडर पोचवायला सुरुवात केली, हिवाळाभर दर काही मिनिटांनी एक विमान उतरत होतं, २ लाख ७० हजारांहून जास्त फेऱ्या झाल्या. मे १९४९ मधे स्टालिनने नाकेबंदी उठवली. त्याच्या महिनाभर आधी, एप्रिलमधे नाटो (अमेरिका आणि तिच्या युरोपातल्या मित्रदेशांची लष्करी युती) स्थापन झालं होतं.

भिंत त्यानंतर बारा वर्षांनी आली, १३ ऑगस्ट १९६१ च्या रात्री. तोवर २५ लाखांहून जास्त लोक पूर्वेतून पश्चिमेत निघून गेले होते आणि त्यात डॉक्टर, इंजिनिअर, तरुण मुलं जास्त. भिंत ओलांडताना आणि भिंतीपाशी किमान १४० माणसं मेली. आपल्या देशाच्या माणसांना बाहेर जाता येऊ नये म्हणून बांधलेली भिंत, यावर कम्युनिस्ट बाजूची कितीही बाजू घेतली तरी उत्तर सापडत नाही.

७. ती भिंत एका माणसाच्या चुकीने पडली म्हणतात, खरंय का?

अर्धं खरं. ९ नोव्हेंबर १९८९ च्या संध्याकाळी पूर्व जर्मनीचा प्रवक्ता गुंटर शाबोव्स्की पत्रकार परिषदेत प्रवासाचे नवे नियम वाचून दाखवत होता, ते लागू व्हायचे होते दुसऱ्या दिवसापासून आणि तेही अर्ज करून, पण त्याने कागद नीट वाचलेलाच नव्हता. पत्रकाराने विचारलं कधीपासून, तर तो म्हणाला माझ्या माहितीप्रमाणे लगेच. टीव्हीवर बातमी गेली, हजारो लोक नाक्यांवर जमले, वरून ऑर्डर काही येईना आणि रात्री साडेअकराच्या सुमारास बोर्नहोल्मर स्ट्रासच्या नाक्यावरच्या अधिकाऱ्याने गेट उघडलं.

पण त्याआधी काय झालं होतं ते विसरू नका. हंगेरीने सप्टेंबरमधे ऑस्ट्रियाची, म्हणजे पश्चिमेकडे जायची, बॉर्डर उघडली होती, ९ ऑक्टोबरला लाइपझिगमधे सत्तर हजार लोक हातात मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर उतरले होते आणि पोलिसांनी गोळी चालवली नव्हती. चूक शाबोव्स्कीची होती, धाडस त्या लोकांचं होतं.

८. क्यूबाच्या वेळी खरंच अणुयुद्ध होणार होतं की नंतर मीठमसाला लावलाय?

मीठमसाला नाही, उलट तेव्हा लोकांना माहीत होतं त्यापेक्षा परिस्थिती जास्त वाईट होती. ऑक्टोबर १९६२ मधे अमेरिकेच्या हेर विमानाने क्यूबात सोव्हिएत क्षेपणास्त्रांचे तळ टिपले, फ्लोरिडापासून दीडशे किलोमीटरवर. २२ तारखेला अमेरिकेचा अध्यक्ष केनेडीने टीव्हीवर सांगितलं आणि समुद्रातून नाकेबंदी केली. २७ तारीख, शनिवार, सगळ्यात भयानक दिवस. त्या दिवशी क्यूबावर अमेरिकेचं यू-२ विमान पाडलं गेलं, पायलट मेला. आणि त्याच दिवशी समुद्रात बी-५९ नावाच्या सोव्हिएत पाणबुडीवर अमेरिकन जहाजं इशाऱ्याचे स्फोट करत होती, आत भयंकर उकाडा, मॉस्कोशी संपर्क नाही, कॅप्टनला वाटलं युद्ध सुरू झालंय, आणि तिच्यात अणुटॉर्पेडो होता हे वरच्या अमेरिकनांना माहीतच नव्हतं. पाणबुडीवर असलेल्या वसिली आर्खिपोव्ह या अधिकाऱ्याने कॅप्टनला शांत केलं आणि पाणबुडी वर आली. २८ ला सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने क्षेपणास्त्रं काढून घेतो म्हणून जाहीर केलं.

शाळेत शिकवतात की केनेडी ठाम राहिला आणि ख्रुश्चेव्ह नमला. प्रत्यक्षात गुपचूप सौदा झाला होता, अमेरिकेने तुर्कस्तानातली आपली ज्युपिटर क्षेपणास्त्रं काढायची, ती १९६३ मधे काढली पण ही गोष्ट कित्येक वर्षं लपवून ठेवली. दोघंही मागे हटले म्हणून आपण आहोत.

असाच अजून एक प्रसंग २६ सप्टेंबर १९८३ चा. मॉस्कोजवळच्या केंद्रात कॉम्प्युटरने दाखवलं की अमेरिकेतून पाच क्षेपणास्त्रं सुटलीत. ड्युटीवरच्या स्तानिस्लाव पेत्रोव्हने विचार केला की हल्ला करायचाच असेल तर कोणी फक्त पाच कशाला सोडेल, आणि वर फॉल्स अलार्म म्हणून कळवलं. उपग्रहाला ढगांवरून परतलेला सूर्यप्रकाश दिसला होता.

९. दोन राष्ट्राध्यक्षांमधे तो लाल फोन होता ना?

फोन नव्हताच. क्यूबानंतर १९६३ मधे जी हॉटलाइन सुरू झाली ती टेलिप्रिंटरची, म्हणजे टाइप केलेला मजकूर जायचा. मुद्दाम तसं केलं होतं कारण फोनवर भाषांतरात घोळ होतो आणि तापलेल्या डोक्याने माणूस काहीही बोलून जातो, लिहिताना दोन मिनिटं विचार करतो.

१०. अमेरिका आणि सोव्हिएतांनी एकमेकांवर एकही गोळी झाडली नाही हे बरोबर आहे का?

पुस्तकात असतं पण बरोबर नाही. कोरियाच्या युद्धात (१९५० ते १९५३, एकीकडे उत्तर कोरिया आणि चीन, दुसरीकडे दक्षिण कोरिया आणि अमेरिका) सोव्हिएत बनावटीच्या मिग-१५ लढाऊ विमानांवर चीन-कोरियाच्या खुणा होत्या पण आत बऱ्याचदा सोव्हिएत पायलट असायचे आणि ते अमेरिकन पायलटांशी लढायचे. रेडिओवर रशियन बोलू नका अशी ताकीद होती, पण जीव जायची वेळ आली की माणूस आपल्याच भाषेत ओरडतो, त्यामुळे अमेरिकेला कळलं होतंच. तरी दोन्ही सरकारं गप्प राहिली कारण कबूल केलं असतं तर मोठं युद्ध करावं लागलं असतं. १९६० मधे सोव्हिएतांनी गॅरी पॉवर्स या अमेरिकन पायलटचं यू-२ हेर विमान पाडलं तेही आहेच. म्हणून जाहीर युद्ध झालं नाही असं लिहा.

११. म्हणजे हे लोकशाही विरुद्ध हुकूमशाही असंच होतं ना?

घोषणा तशी होती, आणि पूर्व युरोपात ती बरीचशी खरी होती. १९५६ मधे हंगेरीत आणि १९६८ मधे चेकोस्लोव्हाकियाची राजधानी प्रागमधे लोकांनी थोडा मोकळा श्वास मागितला तर सोव्हिएत रणगाडे रस्त्यावर आले. ते मी कुठल्याच कारणाने माफ करू शकत नाही.

पण युरोपबाहेर आलात की चित्र बदलतं. इराणमधे मोसाद्देघ संसदेतून आलेला पंतप्रधान होता, त्याने तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं आणि १९५३ मधे अमेरिका-ब्रिटनच्या हेरखात्यांनी त्याला पाडलं. १९५४ मधे ग्वाटेमाला. चिलीत आयेंदे निवडून आला होता, त्याला पाडायचे प्रयत्न अमेरिका आधीपासून करत होती आणि ११ सप्टेंबर १९७३ ला लष्कराने सत्ता घेतली तेव्हा नव्या हुकूमशहाला पाठिंबाही दिला. इंडोनेशियात १९६५-६६ मधे किमान पाच लाख माणसं कम्युनिस्ट म्हणून मारली गेली आणि पश्चिमेत कोणी फारसं हळहळलं नाही. पाकिस्तानातल्या लष्करशहांना शस्त्रं कोण देत होतं ते आपल्याला माहीतच आहे. पोर्तुगाल तर सालाझारची हुकूमशाही असताना नाटोचा स्थापनेपासूनचा मेंबर होता (त्याचा आपल्याशी संबंध प्रश्न १५ मधे). घरात लोकशाही असलेला देश बाहेर लोकशाहीच्या बाजूने असेल असं गृहीत धरू नका, आणि गरिबांचं नाव घेणारा देश गरिबांना सोडेल असंही धरू नका.

१२. चीन कम्युनिस्ट, मग तो सोव्हिएतांच्याच बाजूने असणार ना?

सुरुवातीला होता. १९५६ मधे ख्रुश्चेव्हने स्टालिनच्या अत्याचारांवर बंद दारामागे भाषण केलं ते माओला पटलं नाही, १९६० मधे सोव्हिएत तज्ज्ञ चीनमधून परत बोलावले गेले आणि १९६९ मधे सीमेवरच्या उसुरी नदीवर दोघांच्या सैन्यात गोळीबार झाला. मग फेब्रुवारी १९७२ मधे अमेरिकेचा अध्यक्ष निक्सन पेकिंगला (आजचं बीजिंग) जाऊन माओशी हात मिळवून आला. युगोस्लाव्हियाचा टिटो तर १९४८ मधेच स्टालिनपासून वेगळा झाला होता. कम्युनिस्ट म्हणजे एकच गट असं समजणं ही त्या काळातली सगळ्यात महागात पडलेली चूक.

या भांडणाची झळ आपल्याकडे आली. १९६४ मधे भारतीय कम्युनिस्ट पक्ष फुटला, कॉम्रेड डांगे मूळ पक्षात राहिले आणि बी. टी. रणदिवे, गोदावरी परुळेकर मार्क्सवादी पक्षात. फुटीची देशातलीही कारणं होती, पण गिरणगावात ज्यांनी एकत्र लाठ्या खाल्ल्या त्यांच्यात मॉस्को-पेकिंगवरून दरी पडावी याचं मला अजून वाईट वाटतं.

१३. अलिप्ततावाद म्हणजे कुंपणावर बसून दोन्हीकडून फायदा घेणं, असं माझे बाबा म्हणतात. बरोबर आहे का?

बाबांना सांगा की फायदा घेतला हे खरं आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. दीडशे वर्षं लुटल्या गेलेल्या आणि नुकत्याच मोकळ्या झालेल्या देशाला पोलाद, गहू, इंजिनिअर सगळंच हवं होतं. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएतांनी उभारून दिला, राउरकेला पश्चिम जर्मनीने, दुर्गापूर ब्रिटनने, आणि गहू अमेरिकेकडून पीएल-४८० (परदेशांना धान्य द्यायचा अमेरिकेचा कायदा) मधे यायचा. १९५५ ला इंडोनेशियात बांडुंगला आणि १९६१ ला युगोस्लाव्हियात बेलग्रेडला (इथे २५ देश होते) जे जमले त्यांचं म्हणणं एवढंच होतं की आमचं शत्रू-मित्र आम्ही ठरवू.

पण त्यात खोट नव्हती असं मी म्हणणार नाही. हंगेरीवर आपण फार उशिरा आणि फार हळू बोललो, १९६८ मधे चेकोस्लोव्हाकियाच्या वेळी संयुक्त राष्ट्रांत मत दिलं नाही (अशोक मेहतांनी त्यावरून मंत्रिपद सोडलं), आणि जानेवारी १९८० मधे, सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरलं होतं त्या वेळीही तेच. मैत्रीची किंमत आपण कधी कधी गप्प बसून दिली.

१४. १९७१ मधे सोव्हिएतांशी करार केला म्हणजे अलिप्तता संपली ना?

९ ऑगस्ट १९७१ चा तो करार लष्करी युती नव्हता. त्याच्या कलम ९ मधे कोणावर हल्ला झाला किंवा हल्ल्याचा धोका निर्माण झाला तर दोघांनी लगेच सल्लामसलत करायची असं होतं, लढायला यायलाच पाहिजे असं नव्हतं, आणि भारताच्या अलिप्ततेचा आदर करतो असं सोव्हिएत बाजूने त्यातच लिहून दिलं होतं. पण कागद बाजूला ठेवला तर हो, आपण झुकलो होतो. कारण समोर काय होतं बघा, पूर्व पाकिस्तानात कत्तल चाललेली, सीमेवर जवळपास एक कोटी निर्वासित, आणि जुलैमधे अमेरिकेचा सुरक्षा सल्लागार किसिंजर पाकिस्तानच्या मदतीने गुपचूप चीनला जाऊन आलेला. डिसेंबरमधे सोव्हिएतांनी सुरक्षा परिषदेत आपल्यासाठी व्हेटो (नकाराधिकार) वापरले आणि अमेरिकेने एंटरप्राइझ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात पाठवली. आपले वडील-आजोबा अजून रशियाबद्दल हळवे होतात ते यामुळे.

१५. ताई, पोर्तुगाल नाटोत होता तर १९६१ मधे आपण गोवा घेतला तेव्हा नाटोने हल्ला का नाही केला?

मला आलेल्या प्रश्नांमधला हा माझा सगळ्यात आवडता. नाटोच्या करारात कोणत्या प्रदेशावर हल्ला झाला तर सगळे धावणार हे लिहिलेलं आहे: युरोप, उत्तर अमेरिका आणि अटलांटिकमधली कर्कवृत्ताच्या उत्तरेकडची बेटं वगैरे. वसाहतींसाठी लढायची अमेरिकेची इच्छा नव्हती म्हणून ही मर्यादा आधीच घातलेली. गोवा त्यात कुठेच बसत नव्हतं.

पण तोंडी पाठिंबा होता. डिसेंबर १९५५ मधे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री यांच्या निवेदनात या भागाचा उल्लेख पोर्तुगालचे प्रांत असा झाला, इथे संतापाची लाट उठली, आणि नेमके त्याच वेळी ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन भारतात फिरत होते आणि गोव्यातली वसाहत गेली पाहिजे असं जाहीर बोलत होते. मग १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्य गोव्यात शिरलं, सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानने ठराव आणला की भारताने मागे जावं, सात मतं ठरावाच्या बाजूने पडली, आणि सोव्हिएत व्हेटोने ठराव पडला. १९ तारखेला पोर्तुगीज शरण आले. लोकशाहीवाले देश हुकूमशहाच्या वसाहतीच्या बाजूने आणि हंगेरी चिरडणारा देश स्वातंत्र्याच्या बाजूने. प्रश्न ११ परत वाचा म्हणजे लिंक लागेल.

१६. १९६२ मधे चीनने हल्ला केला तेव्हा सोव्हिएत मित्र कुठे होते?

तारखा जुळवून बघा. चीनचा हल्ला २० ऑक्टोबर १९६२, केनेडीचं क्यूबावरचं भाषण २२ ऑक्टोबर. अणुयुद्धाच्या तोंडावर ख्रुश्चेव्हला चीनला दुखवणं परवडणारं नव्हतं, म्हणून २५ ऑक्टोबरच्या प्राव्दामधे (सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाचं वर्तमानपत्र) चीनच्या बाजूने झुकणारा लेख आला. क्यूबा निवळल्यावर सूर बदलला. त्या अडचणीत शस्त्रं दिली ती अमेरिका आणि ब्रिटनने. कृष्ण मेनन यांना संरक्षणमंत्रिपद सोडावं लागलं, त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण आले, सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला हे वाक्य तेव्हाचं. पुढे १९६४ मधे यशवंतराव शस्त्रांसाठी आधी अमेरिकेला आणि मग मॉस्कोला गेले.

१७. महाराष्ट्रात शीतयुद्धाच्या खुणा कुठे दिसतात?

पवईला जा. आयआयटी मुंबई १९५८ मधे सुरू झाली ती युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीने, यंत्रं आणि प्राध्यापक तिकडून आले. कानपूरची आयआयटी अमेरिकेच्या मदतीची. नाशिकजवळ ओझरला मिग-२१ ही सोव्हिएत लढाऊ विमानं बनवायचा कारखाना उभा राहिला, त्या भागातल्या कित्येक घरांची चूल त्यावर पेटली. आणि पालघरमधलं तारापूर बरोबर उलटं, ते अमेरिकन तंत्राचं अणुवीज केंद्र, १९६९ मधे सुरू झालेलं. १९७४ ला पोखरणचा स्फोट झाल्यावर अमेरिकेने युरेनियम द्यायला खळखळ केली, मग १९८० च्या दशकात ते फ्रान्सकडून आलं.

वस्तू सोडून माणसांबद्दल सांगायचं तर अण्णाभाऊ साठे. स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला, १९६१ मधे प्रत्यक्ष सोव्हिएत संघात जाऊन आले आणि त्या प्रवासावर लिहिलं. २०२२ मधे मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. ज्यांच्या वयाची माणसं घरात आहेत त्यांना ७२ च्या दुष्काळातल्या लाल मिलोबद्दल विचारा, ती ज्वारी अमेरिकेची. आणि गुळगुळीत जाड कागदाची, रंगीत चित्रांची मराठी सोव्हिएत पुस्तकं, प्रगती आणि रादुगा प्रकाशनाची, दोन-पाच रुपयांत मिळायची. प्रचारासाठीच स्वस्त ठेवलेली होती हे मोठी झाल्यावर कळलं, तरी ज्या घरात दुसरं एकही गोष्टीचं पुस्तक नव्हतं त्या आमच्या घरात ती होती, आणि मी वाचायला त्यांच्यावरच शिकले. ती मी टाकलेली नाहीत.

१८. सोव्हिएत संघ रेगनने पाडला का?

अमेरिकेचा अध्यक्ष रेगनने दबाव वाढवला हे नक्की, शस्त्रांवरचा खर्च, १९८३ ची स्टार वॉर्स योजना (येणारी क्षेपणास्त्रं अंतराळातून पाडायची), सोव्हिएतांशी लढणाऱ्या अफगाण मुजाहिदीनना विमानं पाडणारी स्टिंगर क्षेपणास्त्रं. पण आतून पोखरलेलं होतं. दुकानात रांगा, धान्य अमेरिकेकडूनच विकत घ्यायची वेळ, १९८६ मधे तेलाचे भाव निम्म्याहून खाली आले आणि परकीय चलन आटलं, त्याच वर्षी एप्रिलमधे चेर्नोबिल आणि सरकार खोटं बोलतंय हे सगळ्यांना दिसलं. अफगाणिस्तानातल्या युद्धात नऊ वर्षं गेली आणि १४ हजारांहून जास्त सोव्हिएत सैनिक मेले. गोर्बाचेव्हने बोलायची मोकळीक दिली आणि लोक खरंच बोलायला लागले. ऑगस्ट १९९१ मधे कट्टर लोकांनी बंड करून बघितलं ते तीन दिवसांत फसलं, १ डिसेंबरला युक्रेनमधे ९० टक्क्यांहून जास्त मतं स्वातंत्र्याला पडली आणि ८ डिसेंबरला रशिया, युक्रेन, बेलारूसच्या नेत्यांनी संघ संपल्यावर सही केली. माझं मत विचाराल तर श्रेय द्यायचंच असेल तर गोर्बाचेव्हला द्या, हातात लाखोंची फौज असताना १९८९ मधे त्याने रणगाडे पाठवले नाहीत.

१९. एवढी अण्वस्त्रं होती तरी किती?

१९८६ च्या सुमाराला सगळी मिळून ७० हजारांच्या आसपास, बहुतेक या दोघांचीच. करार होत होत आज साधारण १२ हजार उरलीत. कमी झाली हे चांगलं, पण पुरेशी कमी अजिबात नाहीत.

२०. आता अमेरिका-चीन किंवा अमेरिका-रशिया चाललंय ते दुसरं शीतयुद्ध आहे का?

शब्द वापरायला सोपा आहे पण मला पटत नाही. तेव्हा दोन गटांचा एकमेकांशी व्यापार नावापुरता होता, आज चीनमधे बनलेला फोन घेऊन लोक चीनविरुद्ध लिहितात. आणि जुन्याचीच काही प्रकरणं अजून मिटलेली नाहीत. कोरियात १९५३ मधे युद्धविराम झाला, शांतता करार आजपर्यंत नाही.

२१. भारतीय सैन्याचा शीतयुद्धाशी थेट संबंध कधी आला का?

आला, आणि त्यात आपल्या कोल्हापूर भागातला माणूस होता. कोरियात लढाई थांबायला दोन वर्षं उशीर झाला तो मुख्यतः कैद्यांवरून. अमेरिकेच्या बाजूकडे असलेल्या चिनी आणि उत्तर कोरियन कैद्यांपैकी २२ हजारांहून जास्त जण परत जायला तयार नव्हते. त्यांना खरंच जायचं नाही की कोणी धमकावलंय हे शांतपणे विचारायचं काम तटस्थ देशांच्या आयोगाला दिलं, अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि कैद्यांना सांभाळायला गेलेल्या भारतीय फौजेचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात.

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री म्हणाले भारतीय सैनिकाचा पाय आमच्या जमिनीला लागता कामा नये, म्हणून आपल्या हजारो जवानांना जहाजावरून हेलिकॉप्टरने थेट मधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं. कडाक्याची थंडी, कैदी दगड मारायचे, दोन्ही बाजूंचे लोक आपल्यावर पक्षपाताचा आरोप करायचे. एकदा कैद्यांनी एका भारतीय मेजरला आत धरून ठेवलं तेव्हा थोरात स्वतः कुंपणाच्या आत गेले आणि त्याला सोडवून आणलं.

शेवटी बहुतेक कैदी ज्यांनी पकडलं त्यांच्याकडेच राहिले. पण ८८ जणांनी सांगितलं की आम्हाला इकडेही नको आणि तिकडेही नको. फेब्रुवारी १९५४ मधे आपल्या सैनिकांबरोबर जहाजात बसून ते मद्रासला उतरले. पुढे बरेच जण ब्राझील, अर्जेंटिनाला गेले, थोडे इथेच राहिले.